वहीत नवं नाव का येत नाही? मराठवाड्यातील ख्रिस्ती मंडळी आणि आपण

नांदेडमधील एका जुन्या ख्रिस्ती मंडळीच्या रविवारच्या उपासनेला मी काही महिन्यांपूर्वी गेले होते. महिला बचत गटाच्या कामामुळे तिथल्या दोन कुटुंबांशी ओळख होती आणि त्यांनीच बोलावले होते. दगडी भिंतीचे, उंच छताचे चर्च. बाके दीडशे माणसांची, बसलेली माणसे तीस-पस्तीस. त्यातही बहुतेक पन्नाशीच्या पुढची. पेटीवर गाणी झाली, शास्त्रवाचन झाले, उपदेश झाला. शेवटी पाळकांनी प्रार्थना केली ती नव्या विश्वासींसाठी. 'प्रभू, या मंडळीत नवी माणसे आण,' अशी.

दाराजवळच्या टेबलावर एक वही होती. पहिल्यांदा आलेल्यांनी नाव, पत्ता, फोन लिहायचा. मी सहज पाने चाळली. बऱ्याच महिन्यांत मोजकी नावे. त्यातली काही लग्नाला आलेल्या पाहुण्यांची. मी पाळकांना विचारले, नवीन माणसे येतच नाहीत का? ते म्हणाले, "येतात ताई. मागे बसतात, गातात, प्रार्थना घेतात. पण वहीत नाव लिहा म्हटलं की थांबतात."

माणसे का थांबतात, हे समजून घ्यायला हा लेख आहे. तो ख्रिस्ती समाजावर टीका करण्यासाठी लिहिलेला नाही आणि धर्मांतराच्या बाजूने वा विरोधातही नाही. आपल्या विहारांच्या वहीतही नवी नावे किती येतात, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सोडत नाही, म्हणून तो आपल्या तरुण कार्यकर्त्यांसमोर मांडते आहे.

ही मंडळी आली कुठून?

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. इथे ख्रिस्ती मिशनचे काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजले. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी निजाम सरकारकडून जमीन मिळवून 'बेथेल' नावाची वसाहत उभी केली. शेषाद्री जन्माने ब्राह्मण होते, पण त्यांच्यामागे जी कुटुंबे आली ती प्रामुख्याने मांग आणि महार समाजातील होती. औरंगाबाद परिसरात चर्च मिशनरी सोसायटीचे आणि पुढे कॅथलिक धर्मगुरूंचे काम उभे राहिले. आज लातूर जिल्ह्यात असलेले उदगीर 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होते आणि बीदर हे मेथॉडिस्ट मिशनचे मोठे केंद्र होते.

पुढे 1970 मध्ये नागपुरात अनेक प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च, म्हणजे सीएनआय, स्थापन झाले. मेथॉडिस्ट मात्र वेगळे राहिले. कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत 1977 मध्ये झाला. त्यामुळे एकाच शहरात दोन-तीन वेगवेगळ्या मंडळ्या, प्रत्येकीची माणसे थोडी, असे चित्र दिसते. नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत ख्रिस्ती समाज एक टक्क्याच्याही बराच खाली आहे.

म्हणजे सामाजिक दृष्टीने पाहिले तर ही मंडळी आपल्या वाडीवस्तीतलीच माणसे आहेत. एकाच आजोबाच्या दोन नातवांपैकी एक बौद्ध आणि एक ख्रिस्ती, अशी घरे मराठवाड्यात आहेत. त्यांच्या आजोबाने बाप्तिस्मा घेतला तो ज्या गावकुसाबाहेरच्या जगण्यातून सुटण्यासाठी, त्याच जगण्यातून सुटण्यासाठी आपल्या आजोबांनी 1956 नंतर दीक्षा घेतली.

मंडळी आटली का?

जनगणनेचे आकडे आधी पाहू. महाराष्ट्रात 2001 मध्ये ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे 10.58 लाख होती, 2011 मध्ये ती सुमारे 10.80 लाख झाली. दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या जवळपास 16 टक्क्यांनी वाढली, ख्रिस्ती समाज मात्र जेमतेम 2 टक्क्यांनी. राज्यातला त्यांचा वाटा एक टक्क्याच्या खाली गेला. 'गावेच्या गावे ख्रिस्ती होत आहेत' असा जो प्रचार व्हॉट्सअॅपवर फिरतो, त्याला निदान या आकड्यांचा आधार नाही.

आटण्याची कारणे एकापेक्षा जास्त आहेत. पहिले कारण स्थलांतर. मिशनच्या शाळांनी आणि वसतिगृहांनी पहिल्या पिढीला शिक्षक, परिचारिका, कंपाउंडर, रेल्वेतले कर्मचारी बनवले. दुसरी पिढी पुणे, मुंबई, हैदराबादला गेली. त्या उपासनेनंतर चहा पिताना एक आजी मला म्हणाल्या, "लेकरं पुण्याला गेली माय. नातवंडं इंग्रजीत प्रार्थना करत्यात. हितं आमी म्हातारेच राहिलोत." ज्या शिक्षणाने समाज वर आला त्याच शिक्षणाने गावातली मंडळी रिकामी केली.

दुसरे कारण, परदेशी मिशनचा आधार सुटला. स्वातंत्र्यानंतर मिशनरी गेले, निधी आटला. दवाखाने, शाळा, जमिनी मागे राहिल्या. त्या सांभाळण्यासाठी पैसा नव्हता आणि त्यांच्या मालकीवरून मात्र अनेक ठिकाणी वाद सुरू झाले. मंडळीची शक्ती माणसे जोडण्याऐवजी मालमत्ता राखण्यात गेली.

तिसरे कारण, नव्या स्वतंत्र प्रार्थना सभा. भाड्याच्या हॉलमध्ये, पत्र्याच्या शेडमध्ये, एखाद्याच्या घरात भरणाऱ्या या सभांत गिटार असते, मोठ्याने प्रार्थना असते, आजारी माणसावर हात ठेवून बरे होण्याचे आश्वासन असते. जुन्या मंडळीतली तरुण मुले तिकडे जातात आणि नवा माणूसही आधी तिकडेच जातो.

चौथे कारण ते स्वतःही हळू आवाजात सांगतात. पंच कमिटीत तीच चार-पाच घराणी आहेत. नवा माणूस दहा वर्षे येत राहिला तरी 'बाहेरून आलेला' राहतो.

वही आणि कायदा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मागच्या बाकावर बसणारा माणूस नाव का लिहीत नाही? भीती हे एक कारण आहेच. नाव लिहिले आणि उद्या कोणी 'धर्मांतर केले' म्हणून घरी आले तर? पण त्याहून मोठे कारण त्याच्या जातप्रमाणपत्रात आहे.

1950 च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू धर्मापुरता ठेवला. 1956 मध्ये त्यात शीख आले. बौद्धांना केंद्राच्या पातळीवर तो दर्जा मिळायला 1990 उजाडले. ख्रिस्ती आणि मुस्लिम झालेल्या दलितांना तो आजही नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना ओबीसी यादीत जागा आहे. पण अनुसूचित जातीच्या राखीव जागा नाहीत, शिष्यवृत्तीची तीच सोय नाही आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण नाही. गावात त्याला जातीवरून मारहाण झाली तर मारणारा त्याचा बाप्तिस्मा बघून मारत नाही, पण कायदा मात्र तो बघतो.

नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीतील एका महिलेचे प्रकरण निकाली काढले. ती नियमित चर्चला जाणारी ख्रिस्ती आहे, म्हणून हिंदू म्हणून अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र तिला देता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. श्रद्धा नसताना केवळ आरक्षणासाठी धर्म सांगणे ही संविधानाची फसवणूक ठरेल, असेही म्हटले. हा निकाल तांत्रिकदृष्ट्या कसाही वाचला तरी मागच्या बाकावरच्या माणसाला त्यातून एकच गोष्ट कळते. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमधली नोंद उद्या न्यायालयात पुरावा होऊ शकते.

बाबासाहेबांनी ही अडचण फार आधी ओळखली होती. 1 जानेवारी 1938 रोजी सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे केलेल्या भाषणात त्यांनी आशयाने असे सांगितले होते की अस्पृश्य विद्यार्थी ख्रिस्ती झाला की त्याची शिष्यवृत्ती बंद होते, त्याची गरिबी मात्र तशीच राहते. आणि हे घडते कारण ख्रिस्ती समाज राजकारणापासून दूर राहिला आहे. त्याच भाषणात त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांबद्दलचा आदरही व्यक्त केला होता. धर्मांतरितांच्या स्थितीवर त्यांनी पुढे इंग्रजीत जे लेखन केले त्यातही हाच मुद्दा आहे. मिशनने माणूस आत घेतला, पण आत आल्यावर त्याच्या हक्कांसाठी लढा उभारला नाही आणि चर्चमध्ये जात शिल्लक राहू दिली, ही त्यांची तक्रार होती.

2007 मध्ये न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा आयोगाने धर्माची ही अट काढून टाकण्याची शिफारस केली. ती अमलात आली नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला आणि नंतर त्याला मुदतवाढ दिली.

इथे आपल्यातले अनेक कार्यकर्ते अस्वस्थ होतात, हे मला माहीत आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातींना 13 टक्के आरक्षण, त्यात 59 जाती, आणखी वाटेकरी कशाला? ही भीती खोटी नाही. दर्जा वाढवताना टक्केवारीचा प्रश्न सोडवलाच पाहिजे, ही मागणी रास्त आहे. पण तत्त्व म्हणून बघा. 1956 ते 1990 या 34 वर्षांत आपण काय सांगत होतो? धर्म बदलला म्हणून गावाने आमच्याकडे बघण्याची नजर बदलली नाही, असेच ना? 1978 मध्ये नामांतराच्या ठरावानंतर नांदेड जिल्ह्यात आपल्या वस्त्या जाळल्या, टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांचा खून झाला, तेव्हा हल्लेखोरांनी कोणाचे धर्माचे दाखले तपासले नव्हते. जो युक्तिवाद आपल्यासाठी खरा होता तो शेजाऱ्यासाठी खोटा कसा होईल?

आमिषाची गोष्ट

दुसरीकडे, ख्रिस्ती मंडळीत कोणी नवा माणूस गेला की 'आमिष दाखवले' हा आरोप होतोच. लातूरकरांना यासाठी दूर बघायची गरज नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर देशभरातून संस्था आल्या. त्यात चर्चशी जोडलेल्या मदत संस्थाही होत्या. त्यांनी अन्न, औषधे, घरे यात वाटा उचलला. त्या मदतीने औसा-उमरग्याची गावे ख्रिस्ती झाली का? नाही. लोकांनी मदत घेतली, आभार मानले आणि आपापल्या देवळात, मशिदीत, विहारात गेले. गरीब माणूस तांदळाच्या पोत्यासाठी धर्म विकतो, हे म्हणणे मुळात त्या गरिबाचा अपमान आहे. हाच आरोप 1956 मध्ये आपल्यावरही वेगळ्या शब्दांत झाला होता.

मग माणूस प्रार्थना सभेला का जातो? लातूरमधील एका वस्तीत काम करताना मी मातंग समाजातल्या काही बायांना हे विचारले होते. उत्तरे साधी होती. नवऱ्याची दारू सुटावी म्हणून. लेकरू सारखे आजारी पडते म्हणून. 'तिथं कोणीतरी माझं नाव घेऊन प्रार्थना करतं' म्हणून. यातली बरे करण्याची आश्वासने मला पटत नाहीत आणि दवाखाना सोडून प्रार्थनेवर विसंबणे धोक्याचे आहे, हे मी त्यांना स्पष्ट सांगते. पण शेवटचे उत्तर मला खोडता आले नाही. आठवड्यातून एकदा कोणीतरी आपले नाव घेते, चार दिवस दिसलो नाही तर घरी येऊन विचारते, ही गोष्ट त्या बाईला दुसरीकडे कुठे मिळत होती?

बाप्तिस्म्याशिवाय शिष्य

ख्रिस्ती समाजातही या वहीच्या प्रश्नावर कोणी विचार केला नाही असे नाही. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र येऊ शकतील असा तो बंधुभाव होता. मिशनच्या रजिस्टरच्या बाहेर, आपल्या भाषेत, आपल्या भजनात. टिळक 1919 मध्ये गेले आणि तो प्रयोग फार वाढला नाही. पण त्यांना दिसलेली अडचण आजही तीच आहे. श्रद्धा ठेवणारे लोक जास्त आणि नाव लावू शकणारे कमी.

नांदेडच्या पाळकांची आशाही आता याच दिशेने आहे. ते म्हणाले, "वही भरली नाही तरी चालेल, बाक भरावं." लातूरला बारावी आणि नीटच्या शिकवणीसाठी राज्यभरातून मुले येतात, खोल्या करून राहतात. त्यांच्यासाठी रविवारी जेवण आणि अभ्यासाची जागा द्यावी, असा विचार तिथल्या काही ख्रिस्ती कुटुंबांत चालू आहे. धर्म न विचारता. नांदेडकरांना हे नवे वाटू नये. हुजूर साहिबच्या लंगरमध्ये रोज हजारो लोक जेवतात आणि ताट पुढे करताना कोणी जात-धर्म विचारत नाही.

आता आपली वही

आपल्या बाजूचे आकडेही तितक्याच प्रामाणिकपणे बघितले पाहिजेत. 1961 मध्ये महाराष्ट्राच्या लोकसंख्येत बौद्ध सुमारे 7 टक्के होते. 2001 मध्ये 6.03 टक्के, 2011 मध्ये 5.81 टक्के. संख्या 58.39 लाखांवरून 65.31 लाखांवर गेली, पण वाटा घटला. शिकलेल्या समाजात मुले कमी होतात, हे त्याचे एक चांगले कारण आहे. दुसरे कारण आपल्याच कागदांवर आहे. कित्येक घरांत शाळेच्या दाखल्यावर आजही 'हिंदू महार' आहे आणि मोजणीच्या वेळी धर्म विचारला की कोणी तरी घाईत हिंदू सांगून मोकळे होते. ख्रिस्ती माणसाला नाव लावले तर हक्क जातो. आपला हक्क 1990 पासून जात नाही. तरी आपण नाव लावायला कचरतो, याला काय म्हणायचे?

तिसरे कारण जास्त टोचणारे आहे. महार समाजाबाहेरून आपल्याकडे किती कुटुंबे आली? 2006 मध्ये बीडचे मानवी हक्क चळवळीतले कार्यकर्ते एकनाथ आवाड यांनी मातंग समाजातल्या आपल्या सहकाऱ्यांसह नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला. मराठवाड्यासाठी ही फार मोठी घटना होती. अशा कुटुंबांना त्यानंतर आपल्या विहारांत काय अनुभव आला, हे आपण कधी विचारले का? एका मातंग तरुणाने मला सांगितले की दीक्षेनंतर तो पहिल्यांदा वस्तीतल्या विहारात गेला तेव्हा त्याला विचारला गेलेला पहिला प्रश्न होता, "आडनाव काय?" दुसरा प्रश्न झालाच नाही. तो परत गेला नाही. चर्चमधल्या पंच कमिटीच्या चार घराण्यांवर बोट ठेवताना हे विसरता येत नाही.

आपल्याकडे इमारती आहेत, गर्दीही आहे. उदगीरच्या विश्वशांती बुद्ध विहाराचे लोकार्पण 4 सप्टेंबर 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झाले. दाभडच्या बावरीनगरला दरवर्षी पौष पौर्णिमेच्या धम्म परिषदेला लोटणारी गर्दी नांदेडला नवी नाही. पण परिषद संपल्यावरच्या रविवारी गावातला विहार उघडा असतो का? कितीतरी विहारांची किल्ली एका घरी असते आणि कुलूप निघते ते 14 एप्रिल, बुद्ध पौर्णिमा आणि 6 डिसेंबरला. तीस माणसांची ती ख्रिस्ती मंडळी आटते आहे, पण दर रविवारी ठरल्या वेळी तिचे दार उघडते. ही शिस्त त्यांच्याकडून घेण्यात कमीपणा नाही.

धर्मस्वातंत्र्य दोघांचेही आहे

शेवटचा मुद्दा कायद्याचा. संविधानाचे कलम 25 श्रद्धा बाळगण्याचे, आचरणाचे आणि प्रसाराचे स्वातंत्र्य देते. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितले की प्रसाराचा हक्क आहे, पण दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा वेगळा मूलभूत हक्क नाही. त्या निकालाचा आधार घेऊन राज्याराज्यांत कायदे झाले. हे कायदे फक्त मिशनऱ्यांसाठी आहेत, असे समजून आपण गप्प बसलो. एप्रिल 2024 मध्ये गुजरात सरकारच्या परिपत्रकाने स्पष्ट केले की हिंदू धर्मातून बौद्ध धम्मात जायचे असले तरी जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी लागेल. आणि ऑक्टोबर 2022 मध्ये दिल्लीत 22 प्रतिज्ञा घेण्याच्या कार्यक्रमाला हजर राहिल्यामुळे मंत्री राजेंद्र पाल गौतम यांना राजीनामा द्यावा लागला. शेजारच्या दाराला कुलूप लागते तेव्हा ते आपल्या दाराच्याच मापाचे असते, हे या दोन घटनांतून ओळखावे.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांपुढे चार कामे ठेवते. विहार आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी उघडा, मग पाच माणसे आली तरी चालतील. नव्या माणसाला आडनाव विचारू नका. त्याच्याशी ओळख ठेवण्याची, चार दिवस दिसला नाही तर घरी जाण्याची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीकडे द्या आणि वर्षभरात त्याच्याकडेही एखादे काम सोपवा. 2027 च्या जनगणनेआधी घरोघर जाऊन धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिण्याने अनुसूचित जातीचा हक्क जात नाही, हे समजावून सांगा. आणि आपल्या वस्तीत ख्रिस्ती प्रार्थनेवर कोणी चालून आले तर त्या घराशेजारी उभे राहा.

त्या रविवारी निघताना पाळकांनी वही माझ्यापुढे केली. मी नाव लिहिले आणि कंसात 'बौद्ध' लिहिले. ते हसून म्हणाले, "ताई, पुढच्या वेळी तुमच्या विहारातली वही दाखवा." आमच्या वस्तीतल्या विहारात अशी वहीच नव्हती. गेल्या महिन्यात आम्ही ती ठेवली आहे. आतापर्यंत सात नावे आली आहेत, त्यातली दोन मातंग घरातली. तुमच्या विहारात किती आली, ते जरूर कळवा.

जयभीम, नमो बुद्धाय.